जनकाबाईचे मोटेचे बूट

जनकाबाईला पाहायला पाहुणे आले, तेव्हा तिच्या आईने तिला लुगड्याचा घोळ जरा खाली सोडायला सांगितलं होतं. चेहऱ्यात झाकण्यासारखं काही नव्हतं. चेहरा चांगला तरतरीत होता. झाकायचे होते ते पाय. लांबीला बेताचे, पण चवड्याला असे पसरलेले, की अंगठा एका गावाला अन् करंगळी दुसऱ्याला. गावात अशा पायांना फताडे पाय म्हणतात. फताड्या पायांची सून घरात आली की लक्ष्मी मागच्या दाराने निघून जाते, असं सांगणाऱ्या बायका प्रत्येक आळीत दोन-चार असतातच. त्यांच्यापायी जनकाबाईची दोन स्थळं आधीच फिसकटली होती.

तिसरं स्थळ दुसरबीडकडच्या एका मळेकऱ्याचं. उंबरा ओलांडताना घोळ वर झाला आणि व्हायचं ते झालंच. मुलाची आई नवऱ्याकडे पाहून डोळ्यांनीच नाही म्हणाली. पण नारायणराव, मुलाचा बाप, मोठा मजेशीर माणूस होता. तो म्हणाला, "आपल्याले मळ्यात वागणारी सून पाह्यजे, का फोटोत बसणारी? रुंद बुडाचं भांडं कलंडत नाही." आणि सुपारी फुटली.

रुंद बुडाचं भांडं खरंच कलंडलं नाही. सासरे गेले, सासू खाटेला लागली, दोन मुली उजवल्या, तरी मळा हिरवा राहिला तो जनकाबाईच्या जिवावर. नवरा मोतीराम कष्टाळू होता, पण अबोल आणि भिडस्त. बाजारात भाव करायचा, वाफ्याचं पाणी कोणत्या अंगाने वळवायचं, वांग्यावर रोग आला तर काय करायचं, हे सगळं तिच्याच डोक्यात चालायचं. पावसाळ्यात मळ्यात वांगी, मिरची, चवळी, संबार म्हणजे कोथिंबीर. दिवाळी सरली आणि खडकपूर्णेचं पाणी उतरलं, की बिऱ्हाड उचलून नदीच्या पात्रात. तिथे वाळूत खड्डे उकरून डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायची. पात्रातच कापसाच्या पऱ्हाट्यांची आणि गवताची कोपी उभी करायची आणि चैत्र संपेपर्यंत तिथेच राहायचं. चूल वाळूवर, अंथरूण वाळूवर, पाणी दोन हातांवर. बरीच माळ्यांची कुटुंबं अशी पात्रात उतरायची आणि त्या दिवसांत नदीतच एक गाव वसायचं.

म्हणजे बारा महिन्यांतले नऊ-दहा महिने जनकाबाईचे पाय ओल्यातच. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा, म्हणजे चिखल, हिवाळ्यात पात्रातली गार ओल. तिच्या पायांना चिखल्या व्हायच्या. चिखल्या सगळ्यांनाच होतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सडतात, खाजतात. पण हिच्या पसरट पायांच्या फटीत गारा असा जाऊन बसायचा की धुऊनही निघायचा नाही. मेंदी लावली, तुरटी लावली, रॉकेल लावलं. कोणी सांगितलं म्हणून तेलात राळ कढवून तिचं मलम भरलं. पावसाळा संपला की पाय बरे व्हायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाचा पावसाळा फार वाईट गेला. श्रावणात झड लागली ती उघडेना. जनकाबाईचे पाय असे सुजले की टाच टेकवता येईना. वांगी झाडावर पिवळी पडू लागली. मोतीराम एकटा कुठे कुठे पुरणार? जाऊ पुष्पाबाई तिच्या परीने तोडणी करायची, पण तिचंही स्वतःचं शेत होतं. पाऊस जरा थांबल्यावर मोतीरामने बायकोला बैलगाडीत घालून देऊळगाव राजाच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाय पाहिले, मलमपट्टी केली, सुई दिली आणि म्हणाले, "बाई, औषधाने आता बरं वाटेल. पण खरं औषध एकच. पाय कोरडे ठेवा."

"डॉक्टरसाहेब," जनकाबाई म्हणाली, "पाय कोरडे ठेवले तं चूलबी कोरडी राहीन माही."

डॉक्टर हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "मग पायात काहीतरी घाला. पाणी न शिरणारं. बूट वगैरे."

बूट! परतताना गाडीत तिला हसू आलं. गावात बूट घालणारी माणसं दोनच, एक तलाठी आणि दुसरा पलटणीतून सुटून आलेला पाटलाचा भाचा. बायकांचं तर नावच नको. सणासुदीला चपला घातल्या तरी त्या देवळापर्यंतच. पण ती गोष्ट तिच्या मनात रुतून बसली ती बसलीच.

दिवाळीनंतर वाडीवर बिऱ्हाड गेलं, तेव्हा पात्राच्या वरच्या अंगाला दोन-तीन तंबू दिसले. नदीचं पाणी मोजायला सरकारी माणसं आली होती. त्यांचे ओव्हरसियर महादेवराव नाशिककडचे. उंच, काटक, सतत पानाची चंची हाताशी. जनकाबाई त्यांच्या तंबूवर भाजी द्यायला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी तिचं लक्ष गेलं ते त्यांच्या पायांकडे. गुडघ्यापर्यंत काळे, चकचकीत रबरी बूट. साहेब नदीत उतरले, काठी रोवली, काठीवरचे आकडे वाचले आणि बाहेर आले. बुटांवरून पाणी ओघळून गेलं.

मेथीची जुडी हातातच राहिली. "साहेब, आतून पाय ओला नाही होत?"

"अजिबात नाही."

"दिवसभर पाण्यात राह्यलं तरी?"

महादेवराव हसले. "पाणी शिरत नाही बाई. पण घामही बाहेर पडत नाही. संध्याकाळी काढले की माझी माणसं तंबूबाहेर पळतात."

दुसऱ्या दिवशी तिने धीर केला. मोतीराम सोबत होता. तो नदीच्या पलीकडच्या काठाकडे पाहत उभा राहिला, जणू बायको कोणा दुसऱ्याचीच आहे. "साहेब, एक डाव घालून पाहू का?"

महादेवरावांनी धुऊन पुसून एक बूट पुढे केला. जनकाबाईने पाय घातला. चवड्याशी तो अडकला तो पुढे जाईना. जोर लावला, तर बोटं एकमेकींवर चढली. आणि गंमत अशी की बूट लांबीला तिच्या पायापेक्षा चांगला चार बोटं मोठा होता.

"पाय पाहू तुमचा," महादेवराव म्हणाले. वाळूवर टेकलेल्या त्या पायाकडे त्यांनी कुतूहलाने पाहिलं, हेटाळणीने नव्हे. "हे पाय रानात चालायला उत्तम. बुटात घालायला अवघड. चिखलीच्या बाजारात मिळतात असे बूट. पण घेताना लांबी बघू नका, चवडा बघा. आत बोटं हलली पाहिजेत. आणि सकाळी घेऊ नका. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, त्या फुगलेल्या पायाला जो बूट होईल तोच खरा."

चिखलीच्या बाजाराच्या दिवशी नवराबायको एस.टी.ने गेले. दिवसभर मिरची विकली आणि उन्हं कलल्यावर जनकाबाई बुटांच्या दुकानात शिरली. मोतीराम बाहेरच्या खांबाला टेकून राहिला.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं. "मालकांचा नंबर काय?"

"मालकाचा नंबर मले ठाऊक नाही. बूट मले पाह्यजे."

बाकावर बसलेली दोन माणसं चपला पायात घालायची विसरली. एक जण म्हणाला, "काऊन व बाई, पलटणीत भरती होऊन राह्यली का?" जनकाबाईने तिकडे पाहिलंही नाही. तिने खाली बसून पाय पुढे केला आणि म्हणाली, "चवड्याले ढिला पाह्यजे."

दुकानदार भला होता. त्याने एकामागून एक जोड्या काढल्या. पलटणीच्या बुटांसारखे जाड कातड्याचे बूट निघाले. शिवण दणकट, बूड खिळ्यांचं, पण पुढून निमुळते. पाच मिनिटं घातले तर करंगळी कळवळली. रबरी बूट निघाले, तेही महादेवरावांच्या बुटांच्याच जातीचे. शेवटी दुकानदाराने फळीवरून सगळ्यात मोठा जोड काढला. त्यात चवडा गेला, पण पुढे नुसतं रिकामं घर.

"पुढून चिंध्या भरून टाका," दुकानदार म्हणाला.

जनकाबाईने दोन पावलं टाकली. बदकासारखं फतक फतक झालं. "दादा, समोरच्या नळापाशी गारा हाय. त्याच्यात पाय घालून पाहू का? धुऊन देईन."

त्याला नाही म्हणता आलं नाही. ती नळाच्या गाऱ्यात गेली, पाय रोवला, उचलला. पाय वर आला, बूट गाऱ्यात उभा राहिला. सगळा बाजार हसला. जनकाबाईही हसली, हसली नसती तर रडली असती. तिने बूट उपसला, नळाखाली नीट धुतला, पदराने पुसला आणि दुकानदाराच्या हातात दिला.

"चीज चांगली हाय दादा. पण हे माह्या मळ्यातच राहीन अन् मी एकटीच घरी येईन."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. नकार तिला नवे नव्हते, पण हा नकार मुक्या बुटाने दिला होता. कोणाशी भांडावं, तेही कळेना. देऊळगाव राजा मागे पडलं, तेव्हा मोतीराम पहिल्यांदा बोलला.

"तुह्या पायाचं माप देवानं येगळं काढलं. मंग बूटबी येगळेच काढा लागतीन."

"कोण काढीन?"

"ते मले काय ठाऊक," तो म्हणाला. पण तेवढं बोलला, याचंच तिला बळ आलं. दिवसभर खांबाला टेकून लाजत उभा असलेला माणूस आतून आपल्या बाजूचा होता तर.

दोन-चार दिवसांनी ती वैरण न्यायला मळ्यातल्या कोठ्यात आली आणि आढ्याला टांगलेल्या मोटेकडे तिची नजर गेली. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवल्यापासून ती मोट तशीच लोंबत होती. वरचा रुंद चामड्याचा डोल आणि खाली लोंबती, मऊ, निमुळती सोंड. सासऱ्यांच्या वेळी हीच मोट दिवसभर विहिरीत बुडायची आणि भरून वर यायची. बैल धावेवरून उतरायचे, मोट काठाशी यायची आणि सोंडेतून धो धो पाणी काठावरच्या थारोळ्यात पडायचं. वर येईपर्यंत थेंब सांडायचा नाही.

जनकाबाईने सोंडेत हात घातला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि पाय घातला. चवडा अडकला नाही.

वैरणीचा भारा तिथेच राहिला. तिने मोट खाली काढली, धूळ झटकली आणि मोतीरामला जाऊन सांगितलं, "मी देऊळगावले चालली."

देऊळगाव राजाच्या बाजारामागे जानराव चांभाराचं घर होतं. आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या मोटा त्यानेच शिवलेल्या. पावसाळ्याआधी त्याच्या अंगणात मोटांची रांग लागायची. आता गावोगाव इंजिनं आली आणि जानराव चपलांचे अंगठे शिवत बसलेला असायचा. जनकाबाईच्या डोक्यावरची मोट पाहून तो उठूनच उभा राहिला.

"काऊन बाई, इंजिन बिघडलं का?" त्याच्या आवाजात जरा आशाच होती.

"इंजिन चालू हाय, जानरावभाऊ. मले याचे बूट पाह्यजे."

जानराव खाली बसला. त्याची बायको गोजरबाई आतून बाहेर आली. जनकाबाईने सगळं सांगितलं. चिखल्या, डॉक्टर, साहेबांचे बूट, चिखलीचा गारा, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "मोट पाणी आत धरून ठेवते. मंग बाहेर काऊन नाही धरणार?"

"बाईचे बूट मी जलमात केले नाही," जानराव म्हणाला. "बुटाचा सांचा नाही माह्यापाशी. अन् लोक काय म्हणतीन?"

"लोक काय म्हणतात ते चिखलीच्या बाजारात ऐकून आली मी."

गोजरबाई खुदकन हसली. "द्या हो करून. नाहीतरी बसूनच तं हाय तुम्ही."

माप घ्यायची वेळ आली तेव्हा जानराव अवघडला. परक्या बाईच्या पायाला हात कसा लावावा? गोजरबाईने कोळसा घेतला, जमिनीवर जुनं पोतं अंथरलं, जनकाबाईला त्यावर उभं केलं आणि पायांभोवती रेघ ओढली. "बाप्पा! पाय हाय का परात?" ती म्हणाली, पण अशा मायेने, की जनकाबाईला पहिल्यांदाच पायांवरच्या बोलण्याचं काही वाटलं नाही.

पहिला जोड आठवड्याभराने तयार झाला. सोंडेचा केला होता पोटरीपर्यंतचा पायनळा, डोलाच्या जाड कातड्याचा पंजा आणि खाली मोटारीच्या टायरचं बूड. रुंदी अशी, की आत बोटं मोकळी हलली. जनकाबाई तो घालून वाडीवर गेली. कोप्याकोप्यांतून माणसं बाहेर आली. कोणी सलाम ठोकला, कोणी डावा-उजवा डावा-उजवा करत मागे चाललं. ती हसून खड्ड्यात उतरली. दुपारपर्यंत ठीक होतं. मग तळव्याला गारवा लागला. मग बोटं भिजली. संध्याकाळी बूट काढून उलटा केला तर आतून ओंजळभर पाणी निघालं. दोन दिवसांत डाव्या बुटाचं बूड एका कडेने सुटून लोंबायला लागलं.

"आता टाक नदीत," पुष्पाबाई म्हणाली. दुष्टपणाने नाही, जावेचे हाल बघवत नव्हते म्हणून.

जनकाबाईने दोन दिवस बुटांकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी ते हातात घेऊन पुन्हा देऊळगावला गेली.

जानरावाचं तोंड उतरलं. त्याने बूट उलटसुलट केले, शिवण दाबून पाहिली. "बुडाले टाके घातले, तठूनच पाणी आलं. जितके टाके, तितके भोकं. मेण लावलं होतं मी दोऱ्याले, पण रोज चालून ते निघून जाते."

"मोटेले भोकं नसतात का?"

"असतात ना. पण मोटेची शिवण..." जानराव थांबला.

"मोटेले खाली शिवण असते का?" जनकाबाईने विचारलं. ते तिने भोळेपणीच विचारलं होतं. मोट तिने वापरली होती, शिवली कधी नव्हती.

जानरावाने उरलेलं कातडं पुढ्यात ओढलं, ते पाण्यात भिजवलं आणि स्वतःच्या मुठीभोवती खालून वर दुमडायला लागला, एखाद्या बाईने पुरणाभोवती उंडा मिटवावा तसं. खाली अखंड, चुण्या सगळ्या वर. बराच वेळ तो मिटवत होता, उकलत होता. मग म्हणाला, "आतला बूट येगळा अन् बाहेरचा येगळा. आतला मऊ चामड्याचा, मोज्यासारखा, खालून अखंड, शिवण वर घोट्याच्या वर. बाहेरचा जाड, टायरच्या बुडाचा. बाहेरच्यात पाणी शिरलं तं शिरू द्या. आतला पाय धरून ठेवीन. पण बाई, दोन बूट एकात एक म्हणजे चवडा आणखीन रुंद काढा लागीन."

"काढा ना," जनकाबाई म्हणाली. "आता मले कोणाच्या बापाची भीती?"

या वेळी घाई केली नाही. कातडं जवसाच्या तेलात आणि मेणात मुरवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा मुरवलं. टायरच्या बुडाच्या खाचा जानरावाने तासून कमी केल्या, कारण काळी माती खाचांत भरली की पायाला दगड बांधल्यासारखं होतं, हे जनकाबाईने पहिल्या जोडात भोगलं होतं. वरच्या तोंडाला सुताची नाडी ओवली, म्हणजे गाऱ्यात बूट मागे राहायचा नाही.

जोड तयार झाला त्या दिवशी गोजरबाईने तो घालू दिला नाही. तिने आतला बूट खुंटीला अडकवला आणि त्यात तांब्याने पाणी ओतलं, काठोकाठ. "आतलं बाहेर आलं नाही, तं बाहेरचं आत येणार नाही," ती म्हणाली. खाली जमिनीवर तिने चुलीतली कोरडी राख पसरली, म्हणजे थेंब पडला तर कळावा. मग ती चहा करायला आत गेली.

कपबश्या बाहेर आल्या तेव्हा गोजरबाई जराशी थबकली. माळ्याच्या घरची बाई चांभाराच्या घरी चहा घेते का, हे तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारून पाहिलं नव्हतं. जनकाबाईलाही क्षणभर सासूचा चेहरा आठवला. मग तिने हात पुढे करून कप घेतला आणि बशीत ओतून भुरका मारला. "साखर थोडी जास्तच झाली व गोजरबाई," ती म्हणाली. गोजरबाईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते जनकाबाईने मुद्दाम पाहिलं नाही. तिघंही खुंटीकडे पाहत चहा प्यायले.

राख कोरडीच राहिली.

तो हिवाळा जनकाबाईने वाडीच्या ओलीत घालवला आणि तिचे पाय भिजले नाहीत. महादेवरावांनी बूट हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिले, वजन केल्यासारखे तोलले. "जड आहेत," ते म्हणाले, "पण माझ्यापेक्षा तुमचे पाय सुखी." बूट रोज संध्याकाळी उलटे टांगायचे, चुलीजवळ ठेवायचे नाहीत, आत कोरडी राख भरून सकाळी झटकायची, आठ-पंधरा दिवसांनी तेल चोळायचं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं. मोतीराम तर म्हणायचा, बैलांपेक्षा बुटांची बडदास्त जास्त.

खरी परीक्षा पावसाळ्याची होती. आषाढ सरता सरता झड लागली, मागच्या सालासारखीच. मळ्यात पोटरीपर्यंत गारा. बाकीच्या मळ्यांत माणसं उघाडीची वाट पाहत बसली. जनकाबाई डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन रोज वाफ्यात उतरली. काळी माती बुटांना धरायची, ओढायची. पण नाडी पक्की होती. एकदा पाय अर्ध्या नडगीपर्यंत रुतला आणि तिला वाटलं, आता चिखलीचाच तमाशा होतो. ती तशीच उभी राहिली, श्वास घेतला आणि टाच वळवून पाय उपसला. बूट पायासकट वर आला. एकटीच होती, तरी ती मोठ्याने म्हणाली, "हाव! आता कसं?"

झडीच्या दिवसांत तिची वांगी रोज उतरली. सडकेपर्यंत टोपली ती नेऊन पोहोचवायची, पुढे मोतीराम एस.टी.च्या टपावर चढवायचा. दुसरबीडच्या बाजारात ताजी वांगी फक्त एकाच घरची दिसू लागली, तेव्हा हसणारी तोंडं आपोआप मिटली. पण जनकाबाईला त्याहून मोठी गोष्ट वेगळीच वाटत होती. श्रावणातल्या एका सकाळी ती खाटेला लागलेल्या सासूचे पाय चेपत बसली होती. सासूने तिच्या पायांकडे पाहिलं. बेचक्या कोरड्या, कातडी साफ. म्हातारी म्हणाली, "बरे दिसून राह्यले व पाय तुहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात त्या बाईच्या तोंडून पायांबद्दल निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. जनकाबाई मान खाली घालून चेपतच राहिली.

आश्विनात बालाजीची यात्रा भरली. त्या वर्षी वाट ओली होती, म्हणून जनकाबाई बूट घालूनच देऊळगावला गेली आणि देवळाबाहेर ते काढून दर्शनाला आत शिरली. गर्दी अशी, की बाहेर यायला फार वेळ लागला. पुष्पाबाईची नवी चप्पल गेली होती. बूट जिथल्या तिथे.

"तुहे काऊन नाही नेले?" पुष्पाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कोण्या चोराच्या पायात येतीन?" जनकाबाई म्हणाली, आणि दोघी जावा देवळाच्या पायरीवर बसून पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर पुष्पाबाई हळूच म्हणाली, "मलेबी एक जोड पाह्यजे व. माह्याही पायाच्या चिखल्या काही कमी नाहीत."

पुष्पाबाईने विचारलं, मग पलीकडच्या वाडीवरच्या रुक्मिणीबाईने विचारलं, मग तिच्या नणंदेने. उघडपणे कोणी विचारलं नाही. पाणी भरताना, भाजी निवडताना, इकडचं तिकडचं बोलता बोलता. मोटा तर घरोघर आढ्याला लोंबतच होत्या. दिवाळीनंतर नदीच्या पात्रात पुन्हा कोप्या उभ्या राहिल्या, तेव्हा जनकाबाईने देऊळगावला निरोप धाडला.

जानराव आणि गोजरबाई खांद्याला झोळी लावून पात्रात उतरले, तेव्हा सकाळची उन्हं वाळूवर नुकती आली होती. पोतं आणि कोळसा आणला होता, पण एवढ्या बायकांना पोतं पुरणार कसं? गोजरबाईनेच तोड काढली. पाण्याच्या कडेला वाळू ओली, दाट आणि गुळगुळीत होती. तिने बायकांना तिथे रांगेने उभं केलं. "दाबा पाय. पुरा भार टाका. लाजू नका व, हे काय तोंड थोडंच हाय."

बायका आधी खिदळल्या, मग एकेकीने लुगडं वर खोचलं आणि पाय दाबला. त्या बाजूला सरल्या, तेव्हा पाण्याच्या काठाने ठशांची ओळच्या ओळ उमटली होती. कोणाची टाच भेगाळलेली, कोणाचा अंगठा वाकडा, कोणाचं बोट कोळपणीत तुटलेलं. आणि बहुतेक सगळे चवड्याला पसरलेले. जन्मभर अनवाणी चालणाऱ्या बायकांचे पाय ते; पसरणार नाहीत तर काय?

जानराव दोरी घेऊन वाळूवर उकिडवा बसला. पहिला ठसा त्याने आडवा मोजला, दोरीला गाठ मारली आणि विचारलं, "हा कोणाचा?"

"माहा," पुष्पाबाई पुढे होऊन म्हणाली. "अन् जरा ढिलाच ठेवा जानरावभाऊ. बोटं हलली पाह्यजेत."

जनकाबाई वाडीच्या खड्ड्यात उभी राहून ऐकत होती. तिला तिकडे जाऊन चार गोष्टी सांगायच्या होत्या. तेल किती दिवसांनी लावायचं, राख कशी भरायची. पण ऊन चढायच्या आत ओळीतले उरलेले खड्डे उकरायचे होते. तिने फावडं उचललं.